हरणांच्या वाटेवरली बाग

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्यावर लिहावे, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. नायगारा नसेल तर निदान न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर तरी लिहावे, आणि शेवटी 'आपले घर ते आपले घर' असे म्हणून मुंबईच्या विमानतळावर उतरावे. मी सहा महिने अमेरिकेत राहिलो. पण नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्क पाहिले ते एकच दिवस, मान दुखेपर्यंत. बाकीच्या दिवसांतले पुष्कळसे मी न्यू जर्सी राज्यातल्या एका घराच्या परसात, गुडघे टेकून, मातीत कांदे पुरण्यात आणि ते उगवण्याची वाट पाहण्यात घालवले. तेव्हा वाचकहो, हकिगत सांगतो ती त्या परसाचीच.

घर माझ्या थोरल्या बहिणीचे. आम्ही तिला आक्का म्हणतो. १९७४ साली लग्न करून ती तिकडे गेली. दाजी इंजिनिअर. प्रिन्स्टनपासून काही मैलांवर, डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या बाजूला, झाडीच्या कडेशी त्यांनी घर घेतले आणि तेथेच संसार केला. २०२२ च्या जानेवारीत दाजी गेले. मुलगा कॅलिफोर्नियात. 'घर विकून टाक आणि इकडे ये,' असे तो दर रविवारी फोनवर सांगे आणि आक्का दर रविवारी 'बघू' म्हणे. २०२४ च्या ऑक्टोबरात मी पोचलो तो, पाहुण्याला मिळते ती सहा महिन्यांची मुदत आणि भाच्याची एक कामगिरी घेऊन. आईचे मन वळवायचे, ही ती कामगिरी.

पहिल्याच संध्याकाळी चहाचा पेला घेऊन मी मागल्या खिडकीशी उभा राहिलो. झाडांची पाने पिवळी-तांबडी झाली होती, आणि त्यांच्या खालून, अगदी आपल्याच घरी आल्यासारखी, पाच हरणे परसात आली. एक मोठी हरिणी, तिच्यामागे दोन वाढलेली पाडसे, आणखी दोन माद्या. मी शहरात नोकरी केलेला माणूस; हरीण पाहिले ते राणीच्या बागेत, नाही तर शकुंतलेच्या चित्रात. मी लहान मुलासारखा ओरडलो, "आक्का, हरणं! अगं, हरणं आलीत!"

आक्काने स्वयंपाकघरातून मानही वर केली नाही. म्हणाली, "पडदा ओढ."

"अगं पण किती गोजिरी—"

"गोजिरीच होतं ते. सीतामाईलासुद्धा गोजिरंच वाटलं होतं. पडदा ओढ म्हणते ना!"

मी पडदा ओढला. रात्री जेवताना आक्काने सगळे सांगितले.

दाजींना ट्यूलिपचे वेड होते. हे वेड कोठून आले म्हणाल, तर 'सिलसिला' चित्रपटातून. १९८१ साली तो निघाला, आणि हॉलंडातल्या क्यूकेनहॉफच्या त्या लाल-पिवळ्या ताटव्यांतून अमिताभ आणि रेखा चालताना पाहून आपल्याकडच्या कित्येकांनी पहिल्यांदा ट्यूलिप पाहिले. दाजींनी कॅसेट आणून तो चित्रपट इतक्या वेळा पाहिला, की आक्काला त्यांचा संशय यायचा. परंतु त्यांचे लक्ष रेखाकडे नसून जमिनीकडे होते. दर ऑक्टोबरात ते तांबड्या ट्यूलिपचे कंद आणीत, ओळीने लावीत, आणि एप्रिलात फुले आली की आक्काला फुलांत उभे करून फोटो काढीत. त्या फोटोंचे एक जाड बाड तिच्याकडे आहे. दर फोटोत ती थोडी थोडी म्हातारी होते. फुले तेवढीच तांबडी.

मग आसपासच्या शेतांवर आणि रानांवर घरे उठली आणि हरणे गल्लीत आली. ट्यूलिप म्हणजे हरणांची खीर. कळी फुगली, की त्याच रात्री फस्त. दाजींनी पुष्कळ झुंज दिली. झाडांना उग्र वासाच्या साबणाच्या वड्या टांगल्या. नासक्या अंड्यांचा फवारा मारला. त्याने हरणे चार दिवस आली नाहीत आणि शेजारी आठ दिवस आले नाहीत. जाळी लावली, ती पाच फुटांची, आणि हे हरीण मनात आणले तर आठ फूट उडी मारते. दाजी दर वर्षी हरत आणि दर ऑक्टोबरात नवे कंद आणीत.

२०२१ च्या शरदातले कंद त्यांनी लावले ते शेवटचे. ते गेले, आणि एप्रिलात त्यांचे ट्यूलिप जमिनीतून वर आले. आक्का सांगत होती, "कळ्या मोजल्या रे मी. एक्केचाळीस होत्या. सकाळी फुलतील म्हणून लवकर उठले. नुसते देठ! एकसुद्धा ठेवली नाही मेल्यांनी. त्यांच्या हातची शेवटची फुलं होती ती."

तेव्हापासून आक्का परसात उतरली नव्हती. गवत कापायला पैसे देऊन माणूस येई. मागचा पडदा संध्याकाळी ओढला जाई. भाच्याने दिलेली कामगिरी सोपी आहे, हे माझ्या लक्षात आले. आणि का कोण जाणे, ती पार पाडण्याचा माझा उत्साह त्याच रात्री संपला. हरणांनी हाकलले म्हणून घर सोडायचे, हे काही बरे दिसत नाही.

आमच्या वडिलांची बार्शीकडे शेती होती. ज्वारीत काळविटे शिरत, मोकाट गुरे शिरत. वडील मचाणावर बसून गोफण फिरवीत. पण त्यांचा खरा भरवसा गोफणीवर नव्हता. शेताच्या कडेने ते करडईच्या चार-सहा ओळी पेरीत. करडई मोठी झाली की तिच्या पानांना असे काटे येतात, की जनावर तोंड घालते आणि पुढचे पीक न बघताच मागे फिरते. सोलापूर भागात ही जुनी रीत. वडील म्हणत, "जनावराशी भांडू नये. त्याच्या जिभेला काय नको, तेवढं ओळखावं." मी आक्काला करडईची आठवण दिली. ती हसली, पण म्हणाली, "इथं काय करडई लावतोस काय?"

करडई नव्हे, पण तिच्या भाऊबंदांचा शोध घ्यायचा मी निश्चय केला.

न्यू जर्सीत रटगर्स नावाचे विद्यापीठ आहे. त्याच्या शेतकी खात्याने, बागेतली कोणती झाडे हरीण खाते आणि कोणती खात नाही, याची लांबलचक यादी केली आहे. यादीत चार वर्ग. पहिल्यात क्वचितच खाल्ली जाणारी झाडे. शेवटच्यात वारंवार आणि पार फडशा पडणारी. शाळेचा निकाल वाचावा तशी मी ती वाचली. ट्यूलिप शेवटच्या वर्गात, नापासांत. डॅफोडिल पहिल्या वर्गात, वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण.

डॅफोडिल! शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात वर्ड्‌सवर्थची कविता होती. ती आम्ही घडाघडा पाठ केली होती आणि डॅफोडिल म्हणजे काय, असे विचारल्यावर गुरुजींनी 'एक प्रकारचे पिवळे फूल' असा अर्थ फळ्यावर लिहून दिला होता. गुरुजींनीही ते पाहिले नव्हते. ज्या फुलावर आम्ही पाच गुणांचे रसग्रहण लिहिले, ते फूल हरीण खात नाही, एवढी एक उपयोगाची गोष्ट मात्र आम्हांला कोणी सांगितली नव्हती.

पुस्तकी ज्ञानाची खात्री करायला मी शेजारणीकडे गेलो. ऐंशीच्या घरातल्या या बाई, कुंपणापाशी नेहमी काही ना काही खुरपीत असत. त्यांनी मला झुडपांपाशी नेले आणि दोन खाल्लेल्या फांद्या दाखवल्या. एक चाकूने तिरकी कापल्यासारखी, तो ससा. दुसरी फाटलेली, दोरा तुटावा तशी, ते हरीण. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते पान कापत नाही, ओढून तोडते. "आधी चोर ओळख, मग कुलूप घे," असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. त्यांच्या अंगणात डॅफोडिल कित्येक वर्षांचे होते आणि हरणांनी एकालाही तोंड लावले नव्हते. मात्र एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली: हरीण कधीच खाणार नाही असे झाड जगात नाही. फेब्रुवारीत पोट पाठीला लागले की ते काहीही चाखून बघते. आपण निवडायचे ते त्याला शेवटी आठवेल असे.

दुसऱ्या दिवशी मी आक्काला घेऊन रोपवाटिकेत गेलो. ती गाडी चालवीत होती आणि 'मी नुसती येतेय हं' असे म्हणत होती. तेथे हॉलंडातून आलेल्या कंदांच्या पेट्याच पेट्या मांडल्या होत्या. वर फुलांची रंगीत चित्रे, आत कांदे. लासलगावच्या बाजारात उभे असल्यासारखे वाटले.

डॅफोडिलचे १०० कंद प्रथम घेतले. या कंदात आणि पानांत लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असते. खाल्ले तर उलट्या होतात. शिवाय सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूच्या पानाने घसा खाजतो तो ज्यामुळे, तोच प्रकार. म्हणून हरीणच काय, कंद उकरणारी खारही त्याच्या वाटेस जात नाही. ट्यूलिपचे कंद दोन-तीन वर्षांत दमतात. डॅफोडिल एकदा लावले की वर्षानुवर्षे येतात आणि वाढतात. त्यांतही लवकर फुलणारे, मागाहून फुलणारे असे दोन प्रकार मी मिसळून घेतले, म्हणजे महिनाभर फुले राहतील.

मग स्नोड्रॉपचे ५० कंद. लसणाच्या कुडीएवढे. फूल पांढरे, खाली मान घातलेले, बर्फ असतानाच येते. हेही डॅफोडिलच्याच कुळातले आणि कडूच. यातले गॅलंटामिन नावाचे द्रव्य १९५० नंतरच्या काही वर्षांत स्नोड्रॉपच्या एका जातीतून वेगळे काढले गेले. आता ते अल्झायमरच्या विस्मृतीवर औषध म्हणून देतात. हे मी आक्काला सांगताच ती म्हणाली, "मग आणखी पन्नास घे. चष्मा कुठं ठेवला ते तरी आठवेल." असल्या कंदांचा काढा घरी करायचा नसतो, हे मला सांगावे लागले.

ॲलियम म्हणजे तर आपला कांदाच, शोभेचा. हातभर उंच दांड्यावर जांभळा चेंडू. कांद्या-लसणाचा वास हरणाला सोसत नाही. या बाबतीत ते कडक वैष्णव. त्याचे १२ कंद घेतले. मस्कारी नावाचे निळे, द्राक्षाच्या घोसासारखे इवलेसे फूल. त्याला हरणे सहसा लागत नाहीत. त्याचे ५० घेतले. क्राउन इम्पीरिअल नावाचा एक राजेशाही कंद होता. त्याला कोल्ह्यासारखा उग्र दर्प येतो आणि म्हणून जनावरे लांब राहतात. आक्काने तो नाकाशी नेला, पेटीत परत ठेवला आणि म्हणाली, "हरणं येणार नाहीत खरं, पण मीही बागेत जाणार नाही."

एका पेटीपाशी मात्र आम्ही थबकलो. कोल्चिकम. शरदात, पानांवाचून जमिनीतून थेट वर येणारे जांभळट फूल. हरीण याला शिवत नाही, कारण यात कोल्चिसिन हे जहाल विष असते. आपल्या सह्याद्रीत श्रावण-भाद्रपदात ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी याच कुळातली, आणि तिच्यातही हेच विष. लहानपणी आई कळलावीला हात लावू देत नसे. उन्हाळ्यात आक्काची नात येते. ती अजून हाती लागेल ते तोंडात घालण्याच्या वयाची. हरणाला नको ते पुष्कळदा माणसालाही नकोच असते, हे बागवाल्याने विसरू नये. कोल्चिकम आम्ही ठेवून दिले. डॅफोडिलचे कंदही घरात आणल्यावर स्वयंपाकघरापासून लांब, गॅरेजात ठेवले. ते कांद्यासारखे दिसतात आणि भाजीत गेल्याने माणसे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत.

क्रोकस आणि लिली यांवर मी यादी पाहून काट मारली. दोन्ही हरणांच्या आवडीची. बाहेर पडताना आक्का ट्यूलिपच्या पेटीसमोरून जरा हळू चालली. काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

कंद लावण्याचा काळ तेथे आपल्या दिवाळीच्या सुमारास येतो. जमीन गार व्हायला हवी, पण गोठायला नको. हे कंद बारा ते सोळा आठवडे थंडी खातात तेव्हाच फुलतात. ३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. आक्काने मला ओवाळले आणि मी तबकात पाकिटाऐवजी कंदांची पिशवी ठेवली.

"ही काय ओवाळणी?"

"एकटा नाही लावणार मी. चल."

तिने पायांत दाजींचे जुने बूट चढवले. जवळजवळ तीन वर्षांनी ती मागची पायरी उतरली.

२०२४ चा ऑक्टोबर न्यू जर्सीत जवळजवळ पावसावाचून गेला होता. जमीन खापरासारखी. आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवले होते, तरी खुरपे उडत होते. नियम सोपा: कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, टोक वर, बूड खाली. डॅफोडिलला ६ इंच, स्नोड्रॉपला ३. ओळीने लावायचे नाहीत. मूठभर कंद जमिनीवर टाकायचे आणि पडतील तेथे पुरायचे, म्हणजे ते रानात आल्यासारखे दिसतात. आक्काला ते पटेना. दाजी दोरी धरून ओळ आखीत. अर्धे कंद तिने दोरीत लावले, अर्धे मी उधळून लावले. डॅफोडिलच्या चिकाने हात खाजतात म्हणून हातमोजे घातले होते. तरी माझ्या मनगटावर पुरळ उठले ते आठवडाभर.

संध्याकाळी हरणे आली. ताजी उकरलेली माती त्यांनी हुंगली. मोठ्या हरिणीने एका जागी खुराने टोकरले, नाक फेंदारले आणि ती पुढे गेली. आक्का खिडकीशी उभी होती. तिने पडदा ओढला नाही.

मग हिवाळा आला. करण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी कालव्याच्या काठाने फिरायला जाई. हा कालवा १८३४ साली खुला झाला. तो खणला बहुतेक आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी, कुदळ-फावड्यांनी. काठावरून खेचरे चालत आणि पाण्यातल्या नावा ओढीत. १९३२ साली वाहतूक बंद पडली. १९७४ पासून तेथे सरकारी उद्यान आहे, आणि खेचरांच्या वाटेवरून आता माणसे पोट कमी करायला चालतात. या वाटेवरून रान न्याहाळताना मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत हिरवे असे जवळजवळ काहीच नाही. त्याच्या वर मात्र फांद्या. जणू कोणी दोरी धरून खालचे सगळे पुसून टाकले आहे. ती रेघ म्हणजे हरणाचे तोंड पोचते तेथवरची रेघ. ओकाची रोपे वर येतात आणि खाल्ली जातात. रानातली रानफुले तशीच. मोठी झाडे आहेत, पण त्यांना नातवंडे नाहीत.

यात हरणांचा दोष किती? विसाव्या शतकाच्या आरंभी या राज्यात शिकारीने आणि जंगलतोडीने हरीण जवळजवळ नामशेष झाले होते. मग कायदे झाले, हरणे राखली गेली. लांडगा आणि डोंगरी सिंह त्यापूर्वीच संपवले होते. माणसाने रानाचे तुकडे करून मध्ये मध्ये हिरवळ, झुडपे आणि फुलबागा लावल्या. म्हणजे पंगतच मांडली आणि वाढपी काढून टाकला. आज अमेरिकेत या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या ३ कोटींच्या आसपास धरतात. काही गावे नेमबाज बोलावून त्यांची संख्या कमी करतात आणि त्यावरून गावात दोन तट पडतात. हरणांच्या अंगावरच्या गोचिडी माणसाला चावल्या की लाइम नावाचा रोग होतो. म्हणून फिरून आल्यावर आक्का माझे पायमोजे शाळेतल्या मास्तरीणबाईंसारखी तपासून बघे.

जानेवारीत बर्फ पडले. हरणे बारीक झाली, बरगड्या दिसू लागल्या. झाडांच्या साली आणि झुडपांचे शेंडे खाऊन ती दिवस काढीत. एका सकाळी मोठी हरिणी बर्फात पोटाशी पाय घेऊन बसली होती. आक्का बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हिलाही कोणी नाही बघ." दोन पाडसे तिच्याजवळच होती, हे मी बोललो नाही. आक्काला काय म्हणायचे आहे, ते मला कळले होते.

फेब्रुवारीच्या शेवटी स्नोड्रॉप आले. बर्फातून पांढरे फूल वर आले तर ते दिसावे कसे? आक्काला दिसले. तिने सकाळी सहाला मला हलवून उठवले. आम्ही दोघे स्वेटरवर कोट चढवून ती बोटभर फुले बघत उभे राहिलो. फुलांच्या बाजूलाच खुरांचे ठसे होते. हरणे तेथून चालत गेली होती. एक फूल तुडवले गेले होते. खाल्ले एकही नव्हते.

मार्चच्या मध्यापासून डॅफोडिलची पाती वर आली. ३० मार्चला गुढीपाडवा. त्या दिवशी लवकर फुलणाऱ्या जातीची वीस-पंचवीस फुले उघडली होती, आणि शाळा सोडल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी मला गुरुजींचे ते 'एक प्रकारचे पिवळे फूल' भेटले. पिवळे खरेच, पण हळदीसारखे पिवळे. मध्ये झालरीची वाटी. आक्काने गुढीला साखरेच्या गाठीबरोबर डॅफोडिलचा तुरा बांधला. दोरीतली फुले तिची, उधळलेली माझी. कोणाची चांगली, यावर वाद झाला आणि तो मिटला नाही. काही फुले तिने फुलदाणीत ठेवली, एकटीच. डॅफोडिलच्या देठाचा चीक पाण्यात उतरतो आणि त्याने शेजारची फुले लवकर माना टाकतात. रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवून मग मिसळावी लागतात. स्वतःचे रक्षण स्वतः करणारी फुले. सोबतीला जरा कठीणच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आक्का मला समिट गावी घेऊन गेली. तेथे रीव्ह्‌ज-रीड नावाची बाग आहे. हिमयुगात हिमनदीचा बर्फ वितळून राहिलेला एक मोठा खळगा, वाटीसारखा. आणि त्याच्या उतारावर हजारो डॅफोडिल. वारा आला की सगळी वाटी हलते. मी कविता आठवू लागलो, पण आठवेना. आक्का म्हणाली, "राहू दे. बघ नुसतं."

परतताना गाडीत ती एकदम म्हणाली, "त्याला सांग, यंदा तरी मी घर विकत नाही. पानं पिवळी पडेपर्यंत कापायची नसतात म्हणे. सहा आठवडे कोण बघणार?" भाच्याच्या कामगिरीचा असा निकाल लागला. डॅफोडिलची पाने फुले गेल्यावर कंदात पुढच्या वर्षाचे अन्न भरतात. ती हिरवी असताना कापली तर पुढे फूल येत नाही, हे तिला मीच सांगितले होते. भाच्याला हे अजून माहीत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी वरच्या सज्जात वाळत घातलेले कपडे आणायला गेलो. तेथे कोपऱ्यात मातीची एक कुंडी. वर बारीक तारेची जाळी. खाली रुंद, निळसर-हिरवी पाने, आणि मध्ये सहा कळ्या. हिरव्या, पण एकीच्या कडेला तांबडी रेघ उमटलेली. ही पाने डॅफोडिलची नव्हती. मी आक्काकडे पाहिले.

"नोव्हेंबरात आणले होते. गॅरेजात ठेवली होती कुंडी थंडीभर." मग जरा थांबून म्हणाली, "माडीवर काही येत नाहीत ती."

दुसऱ्या दिवशी मी निघालो. आठवडाभराने फोनवर एक चित्र आले. सज्जात तांबडी ट्यूलिप, आणि त्यांच्या शेजारी दाजींचे बूट घालून उभी असलेली आक्का. खाली लिहिले होते: 'पाच आली. सहावी खारीने नेली. जाळी काढायला नको होती.' चित्रात मागे, खाली परसात, फुलून आलेल्या डॅफोडिलच्या मधून एक हरिणी चालली होती. मान खाली होती. पण खात नव्हती. तिची वाट त्याच बाजूने होती, एवढेच.

गेल्या आठवड्यात आक्काचा फोन आला. म्हणाली, "यंदा भाऊबिजेला नाही आलास तरी ओवाळणी पाठव. दीडशे कंद. आणि हो, दोरी मी माझी धरणार."